पत्र हीच वर्गणी

नाशिकहून आम्ही काही मित्रमैत्रिणी विज्ञानकथांचं एक हौशी अनियतकालिक काढतो. प्रसिद्धीची ठरलेली तारीख नाही, जाहिराती नाहीत, लेखकांना मानधन नाही आणि अंकाला किंमतही नाही. कुणी कथा लिहितं, कुणी चित्रं काढतं, कुणी मुद्रितं तपासतं. वाचकांची पत्रं सांभाळण्याचं काम पहिल्या अंकापासून माझ्याकडे आहे. अशा अंकांना इंग्रजीत फॅनझिन म्हणतात आणि त्यांची परंपरा अमेरिकेत व इंग्लंडमध्ये नव्वदहून अधिक वर्षांची आहे. तिच्यातून आम्ही पुष्कळ घेतलं. साठच्या दशकातल्या आपल्या अनियतकालिकांकडूनही घेतलं. पत्रांचं काय करायचं हे मात्र मला पत्र लिहिणाऱ्यांनीच शिकवलं. असा अंक काढू पाहणाऱ्यांना, आणि त्यांच्याहून जास्त तो वाचणाऱ्यांना, उपयोग होईल म्हणून ते मांडते आहे.

१. अंकाची किंमत पत्राने घ्यावी

फॅनझिनच्या जगात एक जुना रिवाज आहे. अंक हवा असेल तर तीनपैकी एक गोष्ट करायची: मागच्या अंकावर पत्र लिहायचं, पुढच्या अंकासाठी काही लिहून किंवा चित्र काढून द्यायचं, नाहीतर आपण काढत असलेला अंक बदली पाठवायचा. पैसे हा शेवटचा मार्ग.

हा रिवाज उगाच पडलेला नाही. या अंकांचा जन्मच वाचकांच्या पत्रव्यवहारातून झाला. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६मध्ये न्यूयॉर्कहून 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं. केवळ विज्ञानकथांना वाहिलेलं ते पहिलं इंग्रजी मासिक. त्यात लवकरच वाचकांच्या पत्रांचं सदर आलं आणि पत्रांखाली लिहिणाऱ्यांचे पूर्ण पत्ते छापले जाऊ लागले. आपापल्या गावात एकट्यानेच हे मासिक वाचणाऱ्या तरुणांना त्या पत्त्यांमुळे आपल्यासारखे इतर सापडले. ते एकमेकांना थेट पत्रं लिहू लागले, त्यातून मंडळं झाली, आणि अशाच एका पत्रमित्रमंडळाने मे १९३०मध्ये 'द कॉमेट' हा अंक काढला. रेमंड पामर त्याचे संपादक होते. साधारणपणे त्यालाच पहिला फॅनझिन मानतात. पुढे १९३८मध्ये हेच पामर 'अमेझिंग स्टोरीज'च्या संपादकपदावर बसले.

म्हणजे आधी पत्रं आली आणि मग अंक आला. हे कळल्यावर पत्रांचं सदर शेवटच्या पानावर उरलेल्या जागेत कोंबायचं धाडस कुणी करणार नाही. आमच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूलाच छापलेलं असतं: पैसे नकोत, पत्र पाठवा. तरीही लोक पैसे पाठवतात, कारण मोबाइलवरून दोनशे रुपये पाठवायला क्षणही लागत नाही. पत्र लिहायला अंक वाचावा लागतो. पैसे पाठवणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते आणि पत्राची आठवण पुन्हा करून देते.

२. 'अंक छान झाला' एवढ्यावर वाचकाला थांबू देऊ नये

अंक मिळाला, छान झालाय, मेहनत दिसते, पुढच्या अंकाला शुभेच्छा. येणाऱ्या निरोपांपैकी बहुतेक असेच असतात. त्यांत आपुलकी असते आणि ती मला मोलाची वाटते. पण रात्री जागून कथा लिहिणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही.

वाचक कंजूष असतो म्हणून असं होत नाही. त्याला वाटतं, साहित्यावर बोलणं हे समीक्षकांचं काम, त्यात आपल्याला काय कळतं? ही भीड मोडायला मी फोन करते. 'कथा कशी वाटली?' हा प्रश्न मात्र टाळते, कारण त्याचं उत्तर 'छान' हेच येतं. मी विचारते: आधी कोणती कथा उघडलीत? वाचताना मध्येच कुठे अंक खाली ठेवलात? पुन्हा उचललात का? कुणाचं नाव लक्षात राहिलं? घरात कुणाला एखादा भाग वाचून दाखवलात का?

या साध्या प्रश्नांची उत्तरं फार बोलकी असतात. एका कथेत नायिका अवकाशातल्या एका बोगद्यापाशी पोचते आणि तिथून पुढे दोन पानं तो बोगदा कसा तयार झाला याचं विवेचन चालतं. निरनिराळ्या गावांतल्या वाचकांनी नेमका त्याच पानावर अंक खाली ठेवला होता. पत्रात हे कुणीच लिहिलं नव्हतं. विचारल्यावर सगळ्यांनी सांगितलं. लेखकाला कळवल्यावर त्याने पुढच्या कथेत माहिती संवादातून आणि प्रसंगातून थोडी थोडी दिली, आणि ती कथा लोकांनी शेवटपर्यंत वाचली.

दुसरं उदाहरण याच्या उलट. घरकामाला ठेवलेल्या यंत्रमानवाची एक कथा आम्ही छापली होती. सिन्नरच्या एका वाचक बाईंना तिच्यातलं सगळं विसरायला झालं होतं, फक्त एक वाक्य आठवत होतं. पावसाचे थेंब पडू लागतात आणि गच्चीत उभा असलेला यंत्रमानव वाळवण उचलत नाही, कारण त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे पाच वर्षांचं पोरसुद्धा न सांगता पापड उचलायला धावतं, त्या एका ओळीत मला ते यंत्र कळलं. लेखकाने ती ओळ जाता जाता लिहिली होती. आपल्या कथेचा जीव तिथे आहे हे त्याला या बाईंमुळे समजलं.

३. हिशेब तपासणाऱ्या वाचकाला मानाचं पान द्यावं

विज्ञानकथेचा वाचक आकडेमोड करून पाहतो. दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकाराच्या वाट्याला असा वाचक सहसा येत नाही, आणि तो मिळणं हे मी भाग्य समजते.

लॅरी निव्हन यांची 'रिंगवर्ल्ड' ही कादंबरी १९७०मध्ये आली. एका ताऱ्याभोवती, साधारण पृथ्वी-सूर्याइतक्या अंतरावर बांधलेलं एक अतिप्रचंड कडं आणि त्याच्या आतल्या पृष्ठभागावर वसलेली सृष्टी, अशी तिची कल्पना. वाचकांनी गणित मांडलं. असं सलग कडं ताऱ्याभोवती आपोआप स्थिर राहू शकत नाही. जरासं एका बाजूला सरकलं की आणखी सरकत जाईल आणि शेवटी ताऱ्यावर आदळेल. १९७१मध्ये बोस्टनला भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी याच मुद्द्यावर घोषणा दिल्या. निव्हन यांनी तो आक्षेप गंभीरपणे घेतला. 'द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स' या पुढच्या कादंबरीत कडं जागेवर ठेवणारी इंजिनं आली, आणि कडं घसरत चाललं आहे हाच कथेचा मुख्य पेच झाला. वाचकांच्या गणितातून एक अख्खी कादंबरी उभी राहिली.

आमच्या अंकातही छोट्या प्रमाणावर असं घडलं. मंगळावरच्या वसाहतीची एक कथा होती. तिच्या शेवटी फोबॉस हा मंगळाचा चंद्र पूर्वेकडच्या डोंगरामागून वर येतो. धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचं पत्र आलं, सोबत गणित आणि आकृती. मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो, फोबॉस त्याच्याभोवती ७ तास ३९ मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करतो. चंद्राची फेरी ग्रहाच्या गिरकीपेक्षा इतकी वेगवान असल्यामुळे तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. विषुववृत्ताजवळच्या आकाशात तो चार तासांहून थोडाच जास्त वेळ दिसतो आणि एका उदयानंतर सुमारे अकरा तासांनी पुन्हा उगवतो. हे गणित सरांनी आपल्या नववीच्या वर्गाला घालून सोडवून घेतलं होतं.

आम्ही पत्र आकृतीसकट पूर्ण छापलं. लेखिकेने शेवट नव्याने लिहिला आणि तोही पुढच्या अंकात दिला. नव्या शेवटात पृथ्वीवरून आलेली आजी सवयीने पूर्वेकडे बघत बसते, आणि मंगळावर जन्मलेली नात तिच्या हनुवटीला धरून तिचं तोंड पश्चिमेकडे वळवते. पहिल्या शेवटात चंद्र शोभेपुरता होता. दुसऱ्यात दोन पिढ्यांमधलं अंतर त्या चंद्राने दाखवलं. शिक्षकाच्या पत्राशिवाय ही आजी आणि ही नात कथेत आलीच नसती.

याच बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मराठीत विज्ञानकथा रुजवणाऱ्यांत जयंत नारळीकर आणि बाळ फोंडके यांच्यासारखे स्वतः शास्त्रज्ञ असलेले लेखक होते. त्यांनी वाचकाला काटेकोरपणाची सवय लावली, हे मोठं काम झालं. त्या सवयीचा एक परिणाम असा की पुष्कळ वाचक फक्त विज्ञान तपासून थांबतात. कथेतली माणसं खरी वाटतात का, त्यांचं दुःख पोचतं का, याबद्दल लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही असं ते धरून चालतात. तो अधिकार त्यांना आहे. मी प्रत्येक गणिती पत्राच्या उत्तरात हे लिहिते, आणि कथेतल्या माणसांबद्दल दोन ओळी मागून घेते.

४. सर्वांत चांगलं पत्र वाचकाच्या स्वतःच्या कामातून येतं

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात हेगर्सटाउन नावाचं गाव आहे. तिथे हॅरी वॉर्नर राहत. जन्म १९२२, मृत्यू २००३. पेशाने ते वर्तमानपत्रात पत्रकार होते. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९३८मध्ये, त्यांनी 'स्पेसवेज' हा स्वतःचा फॅनझिन काढला. पण त्यांची खरी ओळख पत्रांमुळे झाली. गाव सोडून ते फारसे कुठे जात नसत, संमेलनांना क्वचितच दिसत, मात्र हाती आलेल्या जवळजवळ प्रत्येक फॅनझिनला त्यांचं पत्र जाई, आणि हे त्यांनी कित्येक दशकं केलं. शाळकरी मुलांनी काढलेल्या कच्च्या अंकातही त्यांना लिहिण्यासारखं काही सापडत असे. हौशी लेखनासाठीचा ह्यूगो पुरस्कार त्यांना १९६९ आणि १९७२ असा दोनदा मिळाला. चाळीसच्या दशकातल्या या वाचकवर्गाचा इतिहास त्यांनी 'ऑल अवर यस्टर्डेज' या पुस्तकात लिहिला, आणि त्याचा मोठा आधार त्यांनी जपून ठेवलेले अंक आणि पत्रं हाच होता. विज्ञानकथेच्या जगात एखाद्या माणसाला केवळ वाचक म्हणून एवढा मान मिळू शकतो, याचं मला फार अप्रूप आहे.

आमच्याकडेही असे एक काका आहेत. एसटीत वाहक होते, आता निवृत्त होऊन सांगली जिल्ह्यात गावी असतात. त्यांना विज्ञानाची पदवी नाही. ते पोस्टकार्ड लिहितात, मजकूर मावला नाही तर दुसऱ्या कार्डावर पुढे चालू ठेवतात. एकदा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणाऱ्या अवकाशयानाची कथा छापली. निघालेले लोक वाटेतच मरणार, त्यांची नातवंडं पोचणार, अशी. कथेत बंड होतं, प्रेम होतं, यानाच्या इंजिनाचं सुरेख वर्णन होतं. काकांनी विचारलं, या यानात ड्यूट्या कोण लावतं?

मग त्यांनी मुक्कामी गाडीबद्दल लिहिलं. संध्याकाळी शेवटच्या गावाला पोचायचं, चालक आणि वाहकाने गाडीतच नाहीतर देवळाच्या ओसरीवर झोपायचं, आणि पहाटे तीच गाडी परत न्यायची. अनोळखी दोन माणसांना रात्र एकत्र काढावी लागते. पाणी कुणी आणायचं, आधी कुणी उठायचं, कुणाचं घोरणं कुणी सोसायचं यावरून मोठमोठे तंटे होतात आणि त्यातूनच जन्माच्या मैत्र्याही होतात. आगारात सगळ्यांत जास्त राजकारण ड्यूटी लावणाऱ्याच्या टेबलाभोवती चालतं, कारण सणाच्या दिवशी कोण घरी राहील हे तिथे ठरतं. शंभर वर्षं चालणाऱ्या यानात बंड झालंच तर ते इंजिनावरून होण्याआधी ड्यूटीच्या तक्त्यावरून होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे वाचून आम्ही सगळे थक्क झालो. लेखक सांगलीला जाऊन काकांना भेटून आला. त्याची पुढची कथा त्याच यानात ड्यूट्या लावणाऱ्या एका बाईची आहे. आजवर छापलेल्या कथांत ती मला सर्वांत उजवी वाटते.

रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका वाचक ताईंचं पत्रही असंच. कथेतले प्रवासी शंभर वर्षांच्या शीतनिद्रेतून उठतात आणि लगेच चालू लागतात. ताईंनी लिहिलं की अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला आम्ही दर दोन तासांनी कुशीवर वळवतो, नाहीतर पाठीला जखमा होतात. काही आठवडे पडून राहिलेल्या माणसाला उठवून उभं करायचं तर दोघांनी धरावं लागतं. पहिल्या पावलाला बहुतेक जण रडतात. तुमच्या यानात यांना कुणी वळवलं? पहिलं पाऊल कुणी टाकायला लावलं? एवढेच दोन प्रश्न. त्यांतून एक नवं पात्र जन्माला आलं.

म्हणून मला कुणी विचारलं की विज्ञान न शिकलेल्या माणसाने विज्ञानकथेवर काय लिहावं, तर मी ही दोन पत्रं दाखवते. शेती करणारा, शिवणकाम करणारी, बँकेच्या काउंटरवर बसणारा, प्रत्येकाला आपल्या कामातल्या अशा गोष्टी ठाऊक असतात ज्या लेखकाला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाहीत. भविष्यकाळातही माणसं जेवणार, आजारी पडणार आणि रजेसाठी भांडणार आहेत.

५. क्रमवारीवर विसंबू नये

वाचकांकडून कथांचे क्रम मागवायची पद्धतही जुनी आहे. जॉन कॅम्पबेल यांच्या 'अस्टाउंडिंग' मासिकात १९३८पासून असं सदर होतं. वाचकांनी दिलेल्या क्रमांची सरासरी काढून निकाल छापत. आम्हीही अंकात छापील कार्ड घालून पाहिलं. एक कथा सरासरीत मधोमध आली, म्हणजे बरी आहे, असा कुणीही निष्कर्ष काढला असता. कार्डं एकेक करून पाहिली तर साधारण अर्ध्या वाचकांनी तिला पहिला क्रम दिला होता आणि बाकीच्यांनी शेवटचा. मधला क्रम देणारं जवळपास कुणीच नव्हतं. सर्वांत लांब पत्रंही त्याच कथेवर आली होती, रागाचीही आणि प्रेमाचीही. ज्या कथेवर वाचक असे दुभंगतात तिच्या लेखकाला मी लगेच पुढची कथा मागते.

६. आधी कथा, मग लेखकाची ओळख

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते खुद्द जयंत विष्णू नारळीकर होते; आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतलं होतं, म्हणजे कथेचा निवाडा कथेवरच व्हावा. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला जे गरजेचं वाटलं ते आम्हालाही पटलं. आमच्या अंकात कथेखाली फक्त नाव असतं. लेखकाचं वय, शिक्षण, नोकरी, पूर्वीची पुस्तकं हे सगळं शेवटच्या पानावर एकत्र येतं. यामुळे पत्रांचा सूर बदलला. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या कथेवर लोक आता 'वयाच्या मानाने चांगलं' असं लिहीत नाहीत. कथेशी वाद घालतात. तिला तेच हवं होतं.

७. कडक टीका छापावी, लेखकाला ती आधी दाखवावी

हौशी अंकाच्या लेखकाला वाचकाच्या शब्दाखेरीज काहीच मिळत नाही. त्यामुळे कौतुक असो की टीका, ते त्याच्यापर्यंत पोचवणं ही माझी जबाबदारी आहे. पत्र आलं की छापण्याआधी मी लेखकाला पाठवते. त्याला उत्तर द्यायचं असेल तर देतो; पत्र रोखण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. कथेवर कितीही कठोर लिहिलेलं आम्ही छापतो. लेखकाच्या जातीवर, भाषेवर, दिसण्यावर, शिक्षणावर एक शब्द असला तरी ती ओळ जाते. याबाबतीत आम्ही कुणाचीही भीड ठेवलेली नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या एका विद्यार्थिनीने एकदा सगळे जुने अंक पुढ्यात घेऊन पत्र लिहिलं. तुमच्या कथांतली आई दर वेळी पृथ्वीवरच का राहते? ती निरोप द्यायला दारात उभी राहते, डबा भरून देते, पडद्यावर रडताना दिसते. यानात एकदाही बसत नाही. तिने कथांची नावं आणि पानं दिली होती, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. ते पत्र आम्ही अंकाच्या सुरुवातीला छापलं. त्यानंतर आलेल्या कथांत दोन आया अवकाशात गेल्या, आणि एक कथा त्या विद्यार्थिनीचीच होती.

अशी टीका कथेच्या रूपातही करता येते. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या मालिकेवर वाचकप्रेक्षक, विशेषतः स्त्रिया, फॅनझिनमधून कथा लिहीत. त्यांतल्या पुष्कळ कथांत सर्वगुणसंपन्न कोवळी नायिका येई आणि सगळं यान तिच्यावर फिदा होई. पॉला स्मिथ यांनी १९७३मध्ये 'मेनॅजरी' या फॅनझिनमध्ये मेरी सू नावाच्या अशाच नायिकेची छोटीशी विडंबनकथा लिहिली. आज जगभर अशा पात्राला मेरी सू म्हणतात. काही परिच्छेदांच्या त्या कथेने लेखकांना जे सांगितलं ते समीक्षेच्या लेखातून सांगून इतकं पोचलं नसतं.

नवोदितावर लिहिताना मात्र दार उघडं ठेवावं. क्लीव्हलंडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या पोरांनी १९३३मध्ये स्वतःच्या सायक्लोस्टाइल अंकात सुपरमॅन नावाच्या माणसाची कथा छापली. त्या कथेतला सुपरमॅन टकला आणि खलनायक होता. १९३८मध्ये त्याच नावाचा नायक घेऊन ते दोघं जगासमोर आले. हौशी अंकातली कथा हा बहुधा पहिला खर्डा असतो, हे जाणून लिहिलेली पत्रं लेखकाला पुढे नेतात.

८. पत्रांच्या पानावर संपादकाने कमी बोलावं

जुन्या फॅनझिनमध्ये संपादक पत्राच्या मध्येच दुहेरी कंसात आपलं उत्तर घालत. गप्पा रंगात आल्यासारखं वाटतं खरं, पण प्रत्येक वाक्यावर संपादक बोलू लागला की वाचक एकमेकांशी बोलायचे थांबतात. मी प्रश्न विचारला असेल तिथेच, आणि पत्र संपल्यावर, उत्तर देते. बेलफास्टहून वॉल्ट विलिस १९५२पासून 'हायफन' काढत. त्याच्या मागच्या मुखपृष्ठावर पत्रांतल्या आणि मित्रांच्या गप्पांतल्या निवडक ओळी असायच्या. ती कल्पना आम्ही उचलली. आमच्या मलपृष्ठावर फक्त वाचकांची वाक्यं असतात.

९. प्रत्येक पत्राची पोच द्यावी

सगळी पत्रं छापता येत नाहीत. न छापलेल्या पत्रांच्या लेखकांची नावं आणि गावं आम्ही सदराच्या शेवटी देतो. आपलं नाव त्या यादीत पाहिलेला वाचक पुढच्या वेळी जास्त मोकळेपणाने लिहितो. गर्न्सबॅक यांनी पूर्ण पत्ते छापले ते त्या काळाला शोभलं. आज मी पत्ता, फोन काही छापत नाही. दोन वाचकांना एकमेकांशी बोलायचं असेल तर दोघांना विचारून जोडून देते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर परवानगीशिवाय घेत नाही. आणि उशिरा आलेलं पत्र बाद करत नाही. कुणी दोन वर्षांपूर्वीच्या अंकावर लिहिलं तर याचा अर्थ त्या घरात तो अंक अजून टिकून आहे.

महाराष्ट्रात आज असे छोटे अंक काढणारी पुष्कळ मुलं आहेत. कुणी पीडीएफ पाठवतं, कुणी झेरॉक्स काढून स्टेपल मारतं. त्यांतला एखादा तुमच्या हाती आला तर वाचून झाल्यावर संपादकाला पत्र लिहा. कोणत्या पानावर थांबलात, कोणती ओळ आठवते आणि तुमच्या रोजच्या कामातलं काय त्या लेखकाला ठाऊक असायला हवं, एवढं लिहिलं तरी पुरे आहे. पोस्टकार्डही चालेल.